आकड्याला गाव विचारावं

आमच्या गावातली दूध संस्था सकाळी सहाला उघडते. किटल्यांची रांग लागते, चमचाभर नमुना मशीनच्या नळीखाली जातो, किटली काट्यावर चढते आणि मिनिटभरात बोटभर रुंदीची पावती बाहेर येते. तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. कोल्हापूर भागात हा कागद न पाहिलेलं घर विरळा.

गेल्या पावसाळ्यात मी रांगेच्या कडेला उभा होतो. माझ्या पुढं शेजारच्या काकी. म्हशीच्या दुधाला एरवी त्यांची फॅट ६.८च्या आसपास लागते, त्या दिवशी ६.३ लागली. सचिव म्हणाला, "काकी, फॅट उतरली की." काकींनी पावती डोळ्यांजवळ धरली. "परवा कमी लागली तवा म्हटलं आसंल एखांदा दिस. काल बी उतरलीती. आता ही तिसरी येळ हाय. वल्लं लई पडाय लागलंय, कडबा वाढवाय पायजे." पावती घडी करून कमरेच्या पिशवीत गेली. काकी गेल्या.

मी अठ्ठावीस वर्षं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींमधल्या कारखान्यांसाठी अहवाल बनवतो आहे. पेशाने कॉस्ट अकाउंटंट. दर महिन्याला व्यवस्थापनापुढं आकडे मांडायचे, त्यावरून त्यांनी निर्णय घ्यायचे, हा माझा धंदा. माझ्या हातून गेलेल्या शेकडो अहवालांपैकी त्या पावतीच्या तोडीचे किती, असा हिशेब त्या दिवशी घरी येईपर्यंत मनात चालला होता. तो आकडा मी इथे छापणार नाही.

पावती काकींच्या हातात पडते तेव्हा संध्याकाळचा चारा अजून टाकायचा असतो. ज्या बाईच्या हातात पावती, तिच्याच हातात वैरण. आणि आकडा पटला नाही तर ती तिथल्या तिथे "परत लाव बघू" म्हणू शकते. कारखान्यात काय होतं? जुलैचे आकडे ऑगस्टच्या अठरा-वीस तारखेला येतात, ते वाचतो मालक, ज्याच्या हातात भट्टी असते त्याला ते कधी दिसत नाहीत, आणि आकडा खोटा असेल तर ते सांगायला कुणी समोर नसतं.

अहवाल कामाला कसे आणायचे याबद्दलचं हे पुस्तक लघुउद्योजकांसाठी घेतलेल्या संध्याकाळच्या वर्गांमधून तयार झालं आहे. वर्गाला येणारे लोक दिवसभर कारखान्यात राबून आलेले असत, त्यामुळे व्याख्या सांगायची सोय नव्हती. जे सांगायचं ते उद्या सकाळी कामाला आलं पाहिजे, नाहीतर परवा खुर्च्या रिकाम्या. त्या रिकाम्या खुर्च्यांनी मला बरंच शिकवलं.

माझ्या उमेदीच्या काळात मी एका फौंड्रीसाठी बत्तीस पानांचा मासिक अहवाल तयार केला होता. रंगीत आलेख, मागच्या वर्षाशी तुलना, अठरा गुणोत्तरं, स्पायरल बाइंडिंग. तीन महिन्यांनी तिथल्या मालकांच्या, अण्णांच्या केबिनमध्ये गेलो, तर एप्रिलचा अंक डुगडुगणाऱ्या टेबलफॅनखाली होता आणि मेच्या अंकावर भडंगाची ताटली. मला राग आला होता. आज वाटतं, त्या अहवालाचा त्यापेक्षा बरा उपयोग कुणी केला नसता. रसेल अॅकॉफ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६७ साली एक लेख लिहिला, 'मॅनेजमेंट मिसइन्फर्मेशन सिस्टिम्स'. संगणक तेव्हा खोलीएवढे होते आणि जो तो व्यवस्थापकांना जास्त माहिती पुरवायच्या मागे होता. अॅकॉफचं म्हणणं असं, की व्यवस्थापकाला माहितीची टंचाई जेवढी छळते त्याहून बिनकामाच्या माहितीचा पूर जास्त छळतो. हा लेख मी बत्तीस पानी अहवालानंतर वाचला. आधी वाचला असता तर अण्णांचा फॅन डुगडुगत राहिला असता.

अण्णांनी मला नंतर विचारलेला प्रश्न साधा होता : "हे वाचून मी उद्या काय वेगळं करू?" मी गप्प. तेव्हापासून कुठलाही नवा तक्ता आखण्याआधी मी मालकाला विचारतो, हा आकडा वाढला तर तुम्ही काय करणार, कमी झाला तर काय करणार? दोन्हीचं उत्तर एकच आलं, किंवा "बघू" असं आलं, तर तो तक्ता मी आखत नाही. या पुस्तकातल्या प्रत्येक नमुन्याच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोन आहे आणि त्यात निर्णय लिहिलेला आहे. भाव वाढवून मागायचा का, हे काम बाहेर द्यायचं का, रात्रपाळी चालवायची का.

हे सगळं परदेशातून आलेलं शास्त्र आहे अशी समजूत वर्गात पुष्कळदा भेटते. आपली आडनावं बघा. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, ही सगळी लिहिण्याची आणि हिशेब ठेवण्याची पदं. नाना फडणवीस तर हिशेबाच्या खात्यातून राज्याच्या निर्णयांपर्यंत पोचलेला माणूस. रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून तेरीज, असा तो कागदांचा प्रवास असे. तेरीज म्हणजे गोषवारा, आज ज्याला आपण समरी म्हणतो ती. मारवाडी पेढ्यांवर 'पडता' काढायची पद्धत होती आणि घनश्यामदास बिर्लांच्या गिरण्यांमध्ये ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली : आजच्या दिवसाचा नफा-तोटा आजच्या आज, अंदाजाने का होईना. लेखापरीक्षकाला पैशापर्यंत बरोबर आकडा लागतो. मालकाला आज संध्याकाळचा नव्वद टक्के बरोबर आकडा पुढच्या महिन्याच्या शंभर टक्के बरोबर आकड्यापेक्षा जास्त उपयोगी. ही दोन कामं एकाच खातेवहीकडून करून घेण्याच्या नादात आपल्याकडचे बहुतेक अहवाल उशिरा येतात. जीएसटीची विवरणं भरून झाल्यावर उरल्या वेळात जे निघतं त्याला आपण एमआयएस म्हणतो.

परदेशातली एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वर्गात सांगतो, कारण ती दुधाच्या बिलाशी जुळते. आल्फ्रेड स्लोन १९२३मध्ये जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला. अहवालांवर आणि वित्तीय नियंत्रणावर विश्वास असलेला माणूस. त्याचा सहकारी डोनाल्डसन ब्राउन तर गुंतवणुकीवरचा परतावा विक्रीतला नफा आणि भांडवलाची फिरत यांत विभागून बघण्याचं सूत्र ज्याच्या नावावर आहे तोच. तरीही १९२४ साली गाड्या गरजेपेक्षा जास्त तयार होत राहिल्या. कंपनीला आपण कारखान्यातून विक्रेत्याकडे किती गाड्या पाठवल्या हे कळत होतं. विक्रेत्याकडून गिऱ्हाइकाकडे किती गेल्या, हे वेळेवर कळत नव्हतं. त्या मे महिन्यात स्लोन आणि ब्राउन दौऱ्यावर निघाले. सेंट लुइस, कॅन्सस सिटी, लॉस एंजेलिस. विक्रेत्यांच्या आवारात न खपलेल्या गाड्यांच्या रांगा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि उत्पादन कापायचा हुकूम दिला. त्यानंतर विक्रेत्यांकडून दर दहा दिवसांनी अहवाल घ्यायची पद्धत बसली : किती विकल्या, किती शिल्लक.

दहा दिवस म्हटलं की वर्गात खसखस पिकते, कारण आमच्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं. एक जण म्हणाला होता, "म्हणजे स्लोनसाहेब आमच्या संस्थेचा सभासद होता तर!"

त्याच महिन्यात, १६ मे १९२४ला, वॉल्टर शूहार्टने आपल्या वरिष्ठाला जेमतेम पानभर टिपण दिलं. त्यात एक आकृती होती. तो टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये होता. कुठल्याही कामात आकडे वरखाली होतातच. त्यातली कुठली चढउतार रोजची, स्वभावातली आणि कुठली काहीतरी बिघडलं म्हणून आलेली, हे ओळखण्यासाठी त्याने वर एक आणि खाली एक अशी रेघ आखली. रेघांच्या आत असेल तर धावाधाव करू नका, बाहेर गेलं तर शोधा. हाच शूहार्ट १९४७-४८मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून आपल्याकडे येऊन गेला. काकींनी शूहार्टचं नाव ऐकलेलं नाही. पण पहिल्या दिवशी फॅट उतरली तेव्हा त्या गप्प राहिल्या, तिसऱ्या वेळी हलल्या. माझ्या ओळखीचे किती तरी मालक पहिल्याच दिवशी सुपरवायझरला झापतात. दुसऱ्या दिवशी आकडा आपसूक सुधारतो आणि झापण्याचा गुण आला असं त्यांना आयुष्यभर वाटत राहतं.

आता एका कारखान्याची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण पुस्तकाचं बीज तिच्यात आहे. एकपाळी चालणारी लहान फौंड्री. इंडक्शन भट्टी, दिवसाला आठ हीट, म्हणजे भट्टीचे आठ घाणे. रिजेक्शन महिन्याला सरासरी सव्वासात टक्के. बहुतेक दोष ब्लो होलचा, म्हणजे ओतकामात हवेची पोकळी राहून जाते तो. मालकाचं निदान ठरलं होतं, सँड मिक्सर जुना झाला, नवा घ्यायला पाहिजे. चाळीस लाखांचं कोटेशन टेबलावर होतं आणि बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालासाठी मला बोलावलं होतं.

ऑफिसातल्या एक्सेलमध्ये तारीख, पार्ट, नग, दोष एवढे रकाने. बारा महिन्यांचे आकडे मी उलटेपालटे करून पाहिले, हाती काही लागलं नाही. मग फेटलिंग विभागात गेलो, जिथे ओतकाम घासून साफ करतात आणि खराब नग बाजूला काढतात. तिथे खिळ्याला दोरीने अडकवलेली एक वही होती, तेलाने आणि धुळीने काळी. वही लिहिणारा माणूस त्याच कारखान्यात पंधरा वर्षं. प्रत्येक खराब नगापुढे त्याने पेन्सिलने आणखी एक आकडा लिहिला होता. विचारलं तर म्हणाला, "हीट नंबर. ऑफिसात घेत नाहीत, पण मला सवय." एक्सेलमध्ये तो रकानाच नव्हता. भट्टीपासून ऑफिसपर्यंतच्या शंभर पावलांत आकड्याची अर्धी ओळख गळून पडत होती.

दोन दिवस वहीतून हीट नंबर उतरवले. पहिल्या दोन हीटमध्ये रिजेक्शन चौदा टक्क्यांच्या घरात, उरलेल्या सहांमध्ये पाच. एक चतुर्थांश माल चौदाने, तीन चतुर्थांश पाचने, सरासरी सव्वासात. ती सव्वासात टक्के कुठल्याच हीटमध्ये प्रत्यक्षात घडत नव्हती. ती फक्त अहवालात राहत होती. काकींच्या गोठ्यात दोन म्हशी असत्या, एकीचं दूध पातळ आणि एकीचं घट्ट, तर एकत्र किटलीच्या पावतीवरून कुठल्या म्हशीला कडबा घालायचा हे कळलं नसतं, तसलाच प्रकार.

मग सकाळी सातला जाऊन उभा राहिलो. मोल्डिंग सातला सुरू होतं. सँडची तपासणी करणारा लॅबचा मुलगा नऊला येतो, कारण त्याची हजेरी ऑफिस स्टाफमध्ये. रात्रभर पडून गार झालेल्या रेतीतला ओलावा पहिले दोन तास कुणीच मोजत नव्हतं, मिक्सरवाला मुठीत दाबून अंदाजाने पाणी सोडत होता. सुट्टीनंतरच्या सकाळी तर आणखीच अंदाज. लॅबच्या मुलाची वेळ साडेसहाची केली, तपासणीचा कागद आल्याशिवाय पहिला साचा भरायचा नाही असं ठरलं. दोन महिन्यांत सरासरी सहाच्या आत आली. मिक्सर मालकाने पुढच्या वर्षी घेतलाच, पण तो जुन्याचा गिअरबॉक्स मोडला म्हणून.

आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, गाव कुठलं? आकड्यालाही मी हेच विचारायला लागलो. तू कुठे जन्मलास, कुणाच्या हाताने लिहिला गेलास, पाळीच्या सुरुवातीला की घरी जायच्या घाईत, आणि इथवर येताना वाटेत तुझं काय काय गळलं? पुस्तकाचा पहिला भाग याच चौकशीला दिला आहे. आलेख आणि गुणोत्तरं आवडणाऱ्या वाचकाला तो कंटाळवाणा वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

टक्केवारी समोर आली की चौकशी आणखी कडक हवी. सगळं भांडण अंशावरून होतं, छेदाकडे कुणी बघत नाही. रिजेक्शन पाच टक्के, पण कशाच्या पाच टक्के? नगांच्या की वजनाच्या? ओतलेल्या धातूच्या की पाठवलेल्या मालाच्या? ओतलेल्या धातूतला मोठा हिस्सा साच्यातल्या वाटांमध्ये, म्हणजे रनर-रायझरमध्ये जाऊन पुन्हा भट्टीत येतो, तो छेदात धरला तर तीच फौंड्री एकदम गुणी दिसते. गिऱ्हाइकाने दोन महिन्यांनी परत पाठवलेला माल कुठल्या महिन्यात धरायचा, यावरून मी हमरीतुमरी पाहिली आहे. आणि ही चूक लहानांचीच नव्हे. २०१२मध्ये जेपी मॉर्गन चेसला लंडनमधल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरपेक्षा जास्त फटका बसला. जानेवारी २०१३मध्ये बँकेनेच प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात जोखीम मोजायच्या स्प्रेडशीटमधली एक चूक नोंदली आहे : दोन दरांमधल्या फरकाला त्यांच्या सरासरीने भागायचं ते बेरजेने भागलं गेलं. दोन संख्यांची बेरीज सरासरीच्या दुप्पट, म्हणजे भागाकार निम्मा. तोट्याला इतर कारणं पुष्कळ होती, पण कागदावरची जोखीम निम्मी दिसत असताना घाबरणार कोण?

आता माझी स्वतःची चूक. वर्गात ती मी शेवटच्या दिवशी सांगायचो, इथे आधीच सांगून मोकळा होतो.

एका फौंड्रीत पंपाचं एक मोठं ओतकाम होतं, महिन्याला वीस टन. विक्रीचा दर किलोला ९२ रुपये. मी सगळा खर्च वजनावर वाटून तक्ता केला, त्यात त्याची किंमत ९७ आली. किलोमागे पाच रुपये तोटा, महिन्याला एक लाख. तक्त्यात ती ओळ लाल केली. मालकाने काम सोडलं. सहा महिन्यांत कारखान्याचा एकूण नफा वाढायचा तो घसरला. पुन्हा बसलो तेव्हा उमगलं. त्या ९७पैकी धातू, वीज, रेती वगैरे काम केलं तरच होणारा खर्च ७८. उरलेले १९ रुपये म्हणजे शेडचं भाडं, पगार, कर्जाचं व्याज, विजेच्या मंजूर मागणीचा आकार यांतला त्याच्या वाट्याला मी घातलेला हिस्सा. काम गेलं, हिस्सा गेला नाही, तो उरलेल्या मालावर जाऊन बसला. किलोमागे १४ रुपये, म्हणजे महिन्याला २ लाख ८० हजार ते ओतकाम कारखान्याच्या पदरात टाकत होतं, ते मी लाल शाईने घालवलं. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात आणखी दोन पार्ट तोट्यात दिसायला लागले, कारण वाटून घ्यायला भिडू कमी उरले होते. मालकांनी मला शब्दानेही दुखावलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

जोसाया वेजवुड या इंग्लंडमधल्या चिनीमातीच्या कारखानदाराला हे १७७२च्या मंदीत उमगलं होतं. पैशाची चणचण म्हणून तो स्वतः वह्या उपसायला बसला आणि त्याला दिसलं की काही खर्च माल बनो न बनो, घड्याळासारखा चालूच राहतो. त्या उपसण्यात मुख्य कारकुनाची अफरातफरही उघडकीला आली, ते वेगळंच. दोनशे वर्षांहून जुनी ही गोष्ट परीक्षेत लिहून मी उत्तीर्णही झालो होतो. तरी तक्ता भरताना वजनाने वाटणं सोपं होतं, म्हणून वाटलं. तिसरं प्रकरण त्या ओतकामाचं आहे, आकडे तेच ठेवले आहेत.

एका प्रकारच्या आकड्यांवर मी पुस्तकात मुद्दाम थोडं लिहिलं आहे : उद्दिष्टाचे आकडे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये चलननीतीच्या संदर्भात म्हटलं, की नियंत्रणासाठी एखाद्या मापावर दाब आला की ते माप आधीसारखं बोलेनासं होतं. ते बघायला लंडनला जायला नको. महिनाअखेरीला टनाचं टार्गेट असलेल्या कुठल्याही फौंड्रीत पंचवीस तारखेनंतर जा. वजनदार, सोपे काउंटरवेट धडाधड ओतले जात असतात आणि ज्याच्यासाठी गिऱ्हाईक रोज फोन करतंय तो दोन किलोचा व्हॉल्व्ह कोपऱ्यात वाट बघत पडलेला असतो.

संगणकाबद्दल वर्गात हमखास विचारलं जातं. डॅशबोर्ड घ्यावा का? घ्यावा, मी त्याच्या विरोधात नाही. भट्टीच्या मीटरवरून थेट युनिट घेता आले तर टनाला किती वीज लागली हे त्याच दिवशी दिसतं आणि ते फार मोलाचं आहे. पण ज्या रकान्याला वहीत जागा नव्हती त्याला पडद्यावरही मिळत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला पैसे देण्याआधी चार दिवस खिळ्यावरची वही वाचावी, एवढंच माझं सांगणं असतं.

उदाहरणं बहुतेक फौंड्री, दूध आणि साखरेतली आहेत, कारण मला तेवढंच जवळून माहीत. साखरेचं प्रकरण लांबलं आहे. आमच्याकडे चहाच्या टपरीवरही कुठल्या कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघालेली साखर, किती टक्के, हे दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत सांगणारे शेतकरी भेटतात. २०२४-२५च्या हंगामात एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे होती. असा आकडा घरातल्या पोरांनाही पाठ असतो. ज्यांच्या खिशाला तो लागतो ते त्यावर जाहीरपणे वाद घालतात, सभेत उठून काट्याबद्दल आणि प्रयोगशाळेबद्दल प्रश्न विचारतात. खाजगी कारखान्याच्या अहवालाच्या नशिबी असा वाचक नसतो. तो कसा मिळवायचा, म्हणजे भट्टीवाल्यालाच त्याचा आकडा कसा दाखवायचा, यावर त्या प्रकरणात लिहिलं आहे.

हस्तलिखित पुरं झाल्यावर मी काकींना सांगायला गेलो, की तुमच्या पावतीपासून पुस्तक सुरू होतंय. त्यांनी चहा ठेवला. पुस्तक कशाबद्दल ते विचारलं, मी जमेल तसं सांगितलं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते समदं खरं. पर मशीन बराबर दावतंय का, ते कोण बघतंय?"

आकडा लिहिणाऱ्या माणसाची चौकशी मी पुस्तकभर केली होती. काट्याची, मीटरची, तापमापकाची केली नव्हती. छापखान्याकडून दीड महिना मागून घेतला. मोजण्याच्या साधनांचं ते प्रकरण सगळ्यात शेवटी लिहिलं गेलं. पुस्तकात ते पहिलं आहे.